वचनाच्या कार्डावरून नोकरी सोडण्यापूर्वी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की बायबलमधील एकेक वचन छापलेल्या कार्डांचे ताट फिरते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हाती आलेल्या गुलाबी कार्डावर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 29:11 छापलेले होते, म्हणजे परमेश्वराच्या हिताच्या संकल्पांचे वचन. पूर्णवेळ धर्मसेवेचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे की नाही, हा विचार माझ्या मनात वर्षभर घोळत होता. ते कार्ड म्हणजेच उत्तर, असे मी ठरवले आणि फेब्रुवारीत साखर कारखान्यातील कायम नोकरीचा राजीनामा दिला. ज्यांना मी गुरुस्थानी मानत होतो त्या धर्मसेवकाने महिनाभरात दार उघडेल असे सांगितले होते. पुढचे सात महिने पत्नीच्या शिवणयंत्रावर घर चालले. मुलीच्या शाळेची फी थकली, तेव्हा पत्नीने काही न बोलता कानातली कुडी काढून माझ्यासमोर ठेवली. तो क्षण आजही मला विसरता येत नाही.

ज्यांना आज असे कार्ड मिळाले आहे, त्यांच्यासाठी ही एकच चूक मी सविस्तर सांगतो. ते वचन यरुशलेमेहून बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातील आहे. त्याच्या लगेच आधीच्या, दहाव्या वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे लिहिले आहे, आणि त्याही आधी घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा अशी आज्ञा आहे. अठ्ठाविसावा अध्याय वाचला तर खरा प्रसंग समजतो. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष दोन वर्षांत सुटका होईल असे जाहीर केले आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडून टाकले. यिर्मया त्याला आधी ‘आमेन’ म्हणाला, कारण सुटका त्यालाही हवी होती. पण दोन वर्षांचे आश्वासन परमेश्वराचे नव्हते. सत्तर वर्षे ऐकून खचलेल्या लोकांना दिलेला धीर मी माझ्या महिन्याभराच्या घाईसाठी वापरला, म्हणजे यिर्मयाचे शब्द घेऊन हनन्याचा अर्थ काढला. शिवाय त्या वचनातील ‘तुम्हांला’ हा शब्द मी आदरार्थी असल्यासारखा स्वतःला लावून घेतला. मराठी बायबलमध्ये परमेश्वर एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. येथे तो एका संपूर्ण समाजाशी बोलत आहे.

आता वर्षअखेरीची वाट पाहावी लागत नाही; सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले एक वचन रोज सकाळी मोबाइलच्या स्टेटसवर येते, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे वचन कधीच येत नाही. त्या वचनांनी धीर मिळतो हे मी नाकारत नाही, परंतु त्यांवर राजीनामा लिहू नका.

जो मार्गदर्शक तुमच्याविषयी भविष्य सांगतो पण तुमच्या घरभाड्याची चौकशी करत नाही, त्याच्यापासून दूर राहा, हे मी कठोरपणेच सांगतो. माझे डोळे उघडले ते आमच्या वृद्ध पाळकांमुळे. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी बायबल माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “बाळा, चौथ्या वचनापासून मोठ्याने वाच.” दहाव्या वचनाशी माझा आवाज अडखळला. ते काहीच बोलले नाहीत. बायबलमधील बाल शमुवेलालाही परमेश्वराची हाक ओळखण्यासाठी वृद्ध याजक एलीची गरज लागली, आणि अंत्युखिया नगरात पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल (म्हणजे पौल) यांना सेवेसाठी वेगळे केले ते उपासना व उपवास करणाऱ्या मंडळीसमोर. म्हणून सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाला, लागणारे मंडळीचे शिफारसपत्र केवळ कागद समजू नका. जे लोक तुम्हांला शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात), अंत्यविधीच्या वेळी आणि घरभेटींत पाहतात, त्यांना तुमच्यात पाचारण दिसते का, हे त्या पत्रातून कळते.

पगार सोडल्याशिवाय विश्वास सिद्ध होत नाही असे सांगणारे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा दाखला देतात. टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला हे खरे, पण ते 1917 साली. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा आहे. मधल्या बावीस वर्षांचा उल्लेख कोणी करत नाही. प्रेषित पौलही करिंथ नगरात अक्विल्ला नावाच्या कारागिराकडे राहून तंबू बनवत असे, म्हणून नोकरी करत सेवा करणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये.

माझी वाट बंद झाली नाही, तुमचीही होणार नाही. मी एका दुकानात हिशेब लिहू लागलो, तीन वर्षांनी मंडळीने मला स्वतःहून विचारले आणि चौतिसाव्या वर्षी मी सेमिनरीत गेलो. वय झाले म्हणून भाषा जमणार नाहीत ही भीती मात्र काढून टाका. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनाचा व्याप सांभाळत हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. हिब्रूची बावीस अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहायला मला एक पावसाळा लागला. मुले झोपल्यावर मी पाटीवर गिरवत असे आणि पत्नी कंदील जवळ सरकवत असे.