तपासून आलेल्या वहीवरून लिहायला कसे शिकावे

आधी व्याकरण पक्के करावे आणि मगच लेखनाला हात घालावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही सलग दोन परिच्छेद लिहिताना अडखळतात, कारण नियम कशासाठी असतो हे वाक्य अडल्यावरच कळते. म्हणून आधी लिहावे, शिक्षकांकडून तपासून घ्यावे आणि दुरुस्तीच्या निमित्ताने व्याकरणाकडे वळावे.

मसुदा एका बैठकीत, एकाआड एक ओळ सोडून लिहावा. वही देताना ‘तिसऱ्या परिच्छेदातला मुद्दा कळतो का?’ असा एखादा नेमका प्रश्न सोबत लिहावा.

खरे काम वही परत आल्यावर सुरू होते आणि हीच पायरी मलाही बराच काळ जड गेली. बहुतेक जण लाल शाईतला शब्द दहा वेळा गिरवून वही मिटतात. त्याचा उपयोग त्या एका शब्दापुरता होतो. ‘फूलाला’खाली रेघ असेल, तर ‘फुलाला’ लिहून थांबू नये. चूक कोणत्या नियमात बसते ते शोधावे. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम राज्य शासनाने 1962 मध्ये मान्य केले आणि ज्यांत 1972 मध्ये चारांची भर पडली, ते सगळे मिळून अवघे 18 आहेत. मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील, दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या होणाऱ्या रूपात, ह्रस्व होतात, हे एकदा समजले की ‘विटेला’, ‘सुनेला’, ‘मुलाला’ हे सगळे एकदमच सुधारतात. आणि ‘गीताला’, ‘दूताला’ यांत दीर्घ का राहतो, तर ते तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द आहेत, हेही ध्यानात राहते.

वाक्यरचनेवरचे शेरे मात्र शुद्धलेखनापेक्षा अधिक मोलाचे असतात आणि नेमके तेच वाचून सोडून दिले जातात. ‘घरी पोहोचून पाऊस सुरू झाला’ या वाक्यापुढे ‘रचना पाहा’ असा शेरा आला, तर घरी कोण पोहोचले हे स्वतःला विचारावे. एकामागून एक घडणाऱ्या क्रिया सांगताना ‘पोहोचून’चा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो, येथे पाऊस घरी पोहोचला, असा अर्थ होतो. ‘मी घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ असे लिहिताच गोंधळ मिटतो. मग उरलेल्या मजकुरात ‘पोहोचून’सारखे ‘-ऊन’ प्रत्ययाचे चुकीचे रूप आणखी कुठे निसटले आहे, ते स्वतः शोधून काढावे, कारण शिक्षक प्रत्येक ठिकाणी खूण करतीलच असे नाही आणि त्यांनी करूही नये.

शिक्षकांनी अख्खे वाक्यच नवे लिहून दिले असेल, तर ते उतरवून घेऊ नये. वही मिटून तोच आशय स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि मग दोन्ही वाक्ये ताडून पाहावीत. ‘सुधारणा हवी’ एवढाच शेरा असेल, तर कोणत्या वाक्यात, हे जाऊन विचारावे. असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आशयावरचे शेरे आधी हाताळावेत, कारण जो परिच्छेद वगळायचाच आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे.

त्यानंतर संपूर्ण लेख पुन्हा लिहावा आणि पहिल्या मसुद्यासह परत दाखवावा. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या चुकांचे प्रकार नोंदवावेत, पुढच्या लेखात त्यांपैकी एकाच प्रकारावर लक्ष ठेवावे आणि तो प्रकार सलग काही लेखांत आढळला नाही, तरच त्यावर काट मारावी.