ब्रश कटरच्या इंजिनावर मॉडेल विमान : हातच्या अवजारांनी करायचे काम

बांधावरचे गवत कापणारे ब्रश कटर आता कोल्हापूर भागात गावोगाव दिसतात, आणि दांडा वाकलेला पण इंजिन शाबूत असलेला जुना कटर दुरुस्तीवाल्यांकडे पडून असतो. त्यातले ४३ सीसीचे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन मॉडेल विमानाला चालते. खास विमानासाठी बनवलेल्या इंजिनापेक्षा ते जड असते आणि कितीही कापले तरी थोडे जडच राहते, त्यामुळे ते मोठ्या, संथ विमानासाठीच घ्यावे. या कामात जोडण्यापेक्षा काढायचे जास्त असते, आणि फ्लायव्हील (शाफ्टवरचे चुंबक असलेले जड चाक), कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारी गुंडाळी) व कार्ब्युरेटर यांना जितका कमी हात लावाल तितके इंजिन बिनतक्रार चालते.

विकत घेण्यापूर्वी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे असतील तर ते इंजिन घेऊ नये. त्यानंतर प्लग काढून स्टार्टरची दोरी हळू ओढावी आणि फ्लायव्हील ज्या दिशेने फिरते तो बाण रंगाने त्यावरच काढून ठेवावा. ठिणगीची वेळ फ्लायव्हील शाफ्टवर एकाच जागी धरणाऱ्या धातूच्या चावीने पक्की ठरलेली असल्याने ही दिशा बदलता येत नाही. विमानाचा पंखाच (प्रोपेलर) तिच्याप्रमाणे घ्यावा लागतो. पंखा बसणार त्या बाजूला समोर उभे राहून पाहताना इंजिन घड्याळाच्या उलट फिरत असेल तर नेहमीचा पंखा चालतो, घड्याळाप्रमाणे फिरत असेल तर पुशर जातीचा, म्हणजे उलट फिरण्यासाठी बनवलेला, घ्यावा आणि त्यावरची अक्षरे पुढे येतील असा बसवावा.

या इंजिनांत क्लचचे दोन बूट बहुधा थेट फ्लायव्हीलवर खांदेदार बोल्टांनी बसवलेले असतात. ते सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडावी. मात्र पिस्टनने वर येताना एक्झॉस्टचे तोंड पूर्ण झाकल्यावरच ती सोडावी, नाहीतर दोरी त्या तोंडात अडकून चिरडते. स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे भेटतात. त्यांच्या पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पाहायला मिळतात.

फ्लायव्हील काढायचे असेल तर १० मिमी जाडीच्या पोलादी पट्टीत क्लचच्या भोकांच्या अंतरावर दोन भोके पाडून मधोमध आटे पाडावेत, म्हणजे घरचा पुलर तयार होतो. नट पूर्ण न काढता शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतपत सैल ठेवावा, म्हणजे आटे वाचतात. मधला बोल्ट घट्ट आवळून त्यावर हलका ठोका दिला की फ्लायव्हील शंकूवरून सुटते. मागून पटाशी घालून उचकटू नये, कारण क्रँककेस अॅल्युमिनियमचे असते आणि त्याला तडा जातो. वजन कमी करण्यासाठी फ्लायव्हीलची पाती हॅकसॉने कापून कानशीने साफ करता येतात. चुंबकांच्या आसपास काहीही कापू नये, आणि नंतर फ्लायव्हील दोन समपातळीतल्या धारांवर ठेवून तोल पाहावा. परत बसवताना कॉइल व चुंबक यांत सुमारे ०.३ मिमी फट हवी. साधे व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरले की काम भागते.

पंख्याचा हब, म्हणजे पंखा इंजिनावर बसवायचा मधला तुकडा, ही एकच वस्तू कानशीने करू नये, असे माझे ठाम मत आहे. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या टर्नरकडे ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमचा गोल तुकडा न्यावा आणि पंखा टेकणारा पृष्ठभाग व मधला उंचवटा एकाच बांधणीत टर्न करून मागावा. क्लचच्या बोल्टांची जी भोके फ्लायव्हीलवर आहेत, त्यांतच हब आवळावा. घट्ट करण्यापूर्वी डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून हब फिरवावा आणि फरक ०.०५ मिमीच्या आत येईपर्यंत सरकवावा. मग पंखा चढवून शेजारी एक काठी रोवावी आणि दोन्ही टोके तिच्यासमोरून किती अंतरावरून जातात ते पाहावे. दीड-दोन मिमीहून जास्त फरक असेल, तर थरथराट विमानाचे सांधे खिळखिळे करतो.

इंजिन विमानाला टेकते ते मागून. स्टार्टरचे झाकण काढल्यावर मोकळ्या झालेल्या भोकांतच मूळ मापाचे लांब बोल्ट आणि अॅल्युमिनियमच्या नळ्या घालून ते प्लायवुडच्या भिंतीला पक्के करावे. डायफ्रॅम कार्ब्युरेटर उलटे-सुलटे कसेही चालते, पण त्याला क्रँककेसमधून दाबाचे स्पंद पोचवणारे बारीक भोक असते. नवे गॅसकेट कापताना ते झाकले गेले तर पेट्रोल येत नाही, आणि माणूस दिवसभर प्लग बदलत बसतो. थ्रॉटलची कांडी नायलॉनची आणि प्लग रेझिस्टरचा, उदाहरणार्थ बीपीएमआर७ए, घ्यावा, म्हणजे विमानातल्या रेडिओ रिसीव्हरला त्रास होत नाही. कॉइलची बारीक तार इंजिनच्या धातूला टेकली की ठिणगी बंद होते, म्हणून तिच्यावर बाहेरून हाताशी येणारे बटण बसवावेच.

पेट्रोलमध्ये २टी तेल २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलि घालावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढते, त्यामुळे इथल्या पावसाळ्यात मिश्रण आठवड्यांच्या हिशेबाने साठवू नये. सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते, ती टाळावी. कार्ब्युरेटरच्या दोन्ही सुया (कमी वेगाची आणि जास्त वेगाची) आधी दीड-दीड फेरी उघडून सुरुवात करावी.

पहिली चाचणी लाकडी २० × ८ (२० इंच व्यास, ८ इंच पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे माप) पंख्यावर, जमिनीत पक्क्या रोवलेल्या बाकावर घ्यावी. ७००० फेऱ्यांना या पंख्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ६७० किलोमीटर होतो, म्हणून पंख्याच्या रेषेत कोणालाही उभे करू नये, आणि जाड चामडी हातमोजा किंवा काठी वापरूनच पंखा फिरवावा. इंजिन गरम झाल्यावर जास्त वेगाची सुई आवळत जावी, आणि सर्वाधिक फेऱ्या मिळाल्या की तिथून किंचित मागे सोडावी. तेल पेट्रोलातूनच येत असल्याने कोरड्या, म्हणजे कमी पेट्रोलच्या, मिश्रणाने पिस्टन जाम होतो. थंड झाल्यावर सायलेन्सरचे आणि हबचे बोल्ट पुन्हा आवळावेत. उड्डाणासाठी जागा निवडताना डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणांच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा, कारण उजळाईवाडी विमानतळाभोवतीच्या बऱ्याच भागात परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही.