पाण्यात पेशंट उतरवण्याआधी: हायड्रोथेरपीत (पाण्यातल्या व्यायामोपचारात) नव्याने येणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी

उत्प्लावक बल (पाणी वर ढकलतं ते), दाब, श्यानता (पाण्याचा दाटपणा) हे सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं. पूलच्या काठावर उभं राहिल्यावर त्यातलं 'पाण्यात वजन हलकं होतं' एवढंच डोक्यात उरतं. किती हलकं होतं, हे पाणी अंगावर कुठवर आलंय त्यावर ठरतं. म्हणून इथे डोस ठरवायचा म्हणजे आधी खोली ठरवायची.

बाई स्थिर उभी असेल आणि पाणी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत (ASIS) असेल, तर पायांवर वजनाच्या साधारण ४७ टक्के भार येतो. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत पाणी असेल तर २८ टक्के आणि मानेच्या सातव्या मणक्यापर्यंत ८ टक्के. पुरुषांमध्ये हेच आकडे ५४, ३५ आणि १०. नवखे चुकतात ते पुढे. ६० किलोच्या बाईंना सर्जनने 'या पायावर २० किलोच' असं सांगितलंय. छातीभर पाण्यात उभ्या असताना १७ किलोच येतात, तेही दोन पायांत वाटलेले. पण हळू चालल्या तरी त्याच खोलीत भार २५ ते ५० टक्क्यांत जातो आणि पाऊल टाकताना तो एकाच पायावर असतो, म्हणजे १५ ते ३० किलो. अशा वेळी खांदे बुडतील इतक्या पाण्यात सुरुवात करा. फाइलमध्ये मीटर लिहू नका, शरीरावरची खूण लिहा. १.२ मीटर पाणी दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईंच्या काखेपर्यंत येतं, १८० सेंटिमीटरच्या माणसाच्या छातीच्या खालीच राहतं.

दुसरं हत्यार वेग. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रोध जवळपास चौपट होतो. त्यामुळे 'जरा जोरात करा' हे वाक्य जपून वापरा. मेट्रोनोम (ठरावीक ठेका देणारं यंत्र) लावा किंवा मोठ्याने आकडे मोजा. चालायला शिकवताना तुम्ही पेशंटच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून मागे सरकत गेलात तर तुमच्यामागे वाहणारं पाणी त्याला ओढून घेतं आणि पाऊल सोपं पडतं. बाजूला झालात की तोच व्यायाम अवघड होतो. व्यायाम हळूहळू अवघड करण्याची ही बिनपैशांची युक्ती फार थोडे जण वापरतात.

फ्लोटची (अंगाला बांधायच्या किंवा हातात धरायच्या तरंगत्या साधनाची) जागा आणि दिशा यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात हात बाजूने वर उचलला तर पाणीच तो उचलतं. डेल्टॉइडला (खांद्यावरच्या स्नायूला) फारसं काम नसतं, हळू उचलला तर जवळजवळ नाहीच. हातात फ्लोट देऊन हात खाली दाबायला लावला तर काम होतं ते लॅटिसिमस (पाठीचा) आणि पेक्टोरल (छातीचा) या स्नायूंचं. गोठलेल्या खांद्याला पहिला प्रकार उत्तम, पण त्याला 'डेल्टॉइड स्ट्रेंग्थनिंग' म्हणून नोंदवू नका. पायाचंही तसंच: फ्लोट गुडघ्याजवळून घोट्यापाशी नेला की तरफेचा हात लांबतो आणि जोर वाढतो. पोहता न येणाऱ्याच्या घोट्यांना फ्लोट बांधून त्याला एकटं सोडू नका. पाय वर येतात, डोकं खाली जातं आणि पुन्हा सरळ व्हायला त्याला जमत नाही.

म्हणून कुठल्याही व्यायामाआधी पाठीवरून उभं राहणं शिकवा: हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाशी, दोन्ही हात पुढे, मग पायांचे तळवे टेकवायचे. साठीच्या पुढच्या अनेक बायका पाण्याला घाबरतात. त्यांना आधी कठड्याला धरून पाण्यात फुंकर मारून बुडबुडे काढायला लावा. सैल गाऊन किंवा सलवार चालत नाही, हवा भरून फुगते आणि पायात अडकते.

दाब विसरू नका. दर मीटरला सुमारे ७३ मिलिमीटर पारा इतका दाब वाढतो. मुरगळलेल्या, सुजलेल्या घोट्याला १.२ मीटर खोलीवर उभं केलं तर सुमारे ८८ मिलिमीटर दाब मिळतो, पाण्यावर आडवं केलं तर काहीच नाही. हाच दाब छातीवरही असतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात श्वासाचे कष्ट सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात. दमेकऱ्यांना आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट श्वासविकाराच्या) पेशंटना कंबरभर पाण्यातून सुरुवात द्या. अस्थिर हृदयविकार, ताप, उघडी जखम, आटोक्यात नसलेली फिट, यांना पाण्यात घेऊच नका.

थेरपी पूल ३३ ते ३५ अंशांचा असतो, सोसायटीचा साधा पूल २६ ते २८ चा. थंड पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढतं, त्यामुळे डिसेंबरात पुण्यातल्या गार पूलमध्ये संधिवाताचा पेशंट दहा मिनिटांत आखडतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराच्या) पेशंटला मात्र हेच गार पाणी मानवतं, गरम पाण्यात त्यांची ताकद ओसरते.

काठावरून गुडघ्याची रेषा तपासू नका. अपवर्तनामुळे (पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वळतो म्हणून) पाय उथळ आणि वाकडा दिसतो. स्वतः पाण्यात उतरा, हाताने चाचपा.

पहिलं सत्र वीस मिनिटांचं पुरे. उतरण्यापूर्वी लघवीला जाऊन यायला सांगा, दाबामुळे ती लवकर लागते. बाहेर काढताना कंबरभर पाण्याच्या पायरीवर मिनिटभर थांबवा. दाब सुटताच रक्तदाब घसरतो आणि वजनही एकदम परत येतं, म्हणून काठावर खुर्ची आधीच ठेवलेली हवी.