तीन वर्षं, छत्तीस पॉइंट: ब्रिटनमध्ये नव्याने रजिस्टर झालेल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी

मुंबई-पुण्यात बी.ऑप्टम. (ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासण्याच्या शिक्षणाची पदवी) करून इकडे आलेल्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. आधी व्हिसा, पगार, कुठल्या गावात घरभाडं परवडतं, हे विचारून होतं. सीपीडीचा, म्हणजे रजिस्टरवर राहण्यासाठी सतत घ्यायच्या व्यावसायिक शिक्षणाचा, विषय निघतो तो नोकरीत रुळल्यावर, आणि बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने: "ताई, पॉइंट पटापट कुठे मिळतात?" त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण तेवढंच सांगून फोन ठेवावा असं मला कधी वाटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम, कारण त्यांच्याबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर बरंच अर्धवट फिरत असतं. आपलं रजिस्टर जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे असतं; सगळे जीओसी म्हणतात. १९५८ च्या ऑप्टिशियन्स कायद्याने ही संस्था उभी राहिली. सतत शिक्षण घेणं सक्तीचं झालं २००५ पासून, आणि तेव्हा त्याला सीईटी म्हणत. १ जानेवारी २०२२ पासून त्याच्या जागी सीपीडी आलं. जुने सहकारी अजूनही बोलता बोलता "सीईटी पॉइंट" म्हणतात, त्याने गोंधळून जाऊ नका. चक्र तीन वर्षांचं असतं. पहिलं २०२२ ते २०२४ असं झालं, आताचं २०२५ ते २०२७ आहे आणि ते ३१ डिसेंबर २०२७ ला संपेल.

या तीन वर्षांत ऑप्टोमेट्रिस्टला किमान ३६ पॉइंट लागतात. त्यातले निदान १८ इंटरॅक्टिव्ह हवेत, म्हणजे इतरांबरोबर चर्चेत भाग घेऊन मिळवलेले. एकट्याने लेख वाचून आणि प्रश्नावली सोडवून सगळे ३६ भरता येत नाहीत. चार क्षेत्रं ठरलेली आहेत: व्यावसायिक वर्तन, संवाद, क्लिनिकल काम, आणि नेतृत्व व उत्तरदायित्व. चारही क्षेत्रांत काही ना काही व्हायलाच हवं. शिवाय चक्राच्या सुरुवातीला स्वतःची विकास योजना लिहायची, मध्ये निदान एक पिअर रिव्ह्यू (सहकाऱ्यांच्या गटात केसेसवर चर्चा) करायचा आणि शेवटाकडे एखाद्या सहकाऱ्याबरोबर बसून तीन वर्षांच्या शिक्षणाचा आढावा घ्यायचा. औषध लिहून देण्याची जादा पात्रता, ज्याला इथे आयपी म्हणतात, ती घेतलीत तर त्या विषयातले १८ पॉइंट वेगळे. चक्राच्या मधेच रजिस्टर झालेल्यांना अपेक्षा त्या प्रमाणात कमी असते. तुमचा नेमका आकडा तुमच्या मायजीओसी या जीओसीच्या ऑनलाइन खात्यात दिसतो. तोच धरून चाला, मित्राचा नको.

हे पुरं केलं नाही तर पुढच्या वर्षीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण होत नाही, आणि रजिस्टरवर नाव नसताना डोळे तपासणं हा कायद्याने गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता त्या विकास योजनेकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या सीपीडीचा जीव तिथे आहे आणि सगळ्यात घाईने भरला जातो तो हाच कागद. बहुतेक जण लिहितात: "ग्लॉकोमाचं (काचबिंदूचं) ज्ञान अद्ययावत करायचं आहे." असं लिहून काही हाती लागत नाही. त्याऐवजी गेल्या तीन-चार महिन्यांतले स्वतःचे रेफरल काढून बसा. कुणाला पाठवलं, का पाठवलं, हॉस्पिटलकडून काय उत्तर आलं. उत्तरच आलं नसेल तर तेही टिपा. मी माझ्या सध्याच्या योजनेत एक ओळ अशी लिहिली आहे: "सात वर्षांखालच्या मुलांमध्ये सायक्लोप्लेजिक रिफ्रॅक्शन (थेंब घालून नंबर तपासणं) केव्हा करायचं आणि केव्हा थेट हॉस्पिटलला पाठवायचं, हे माझ्या चेअरटाइममध्ये ठरवता आलं पाहिजे." या एका ओळीमुळे कुठला कोर्स घ्यायचा, कुठल्या सहकाऱ्याला प्रश्न विचारायचा, कुठल्या केसेस जपून ठेवायच्या, सगळं आपोआप ठरलं. योजना नंतर बदलता येते. नोकरी बदलली, हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये एखादा दिवस मिळाला, की बदलाच.

भारतातून आलेल्यांनी इथल्या मार्गदर्शक सूचनांकडे जरा जास्त लक्ष द्यावं. आपलं क्लिनिकल ज्ञान बहुतेक वेळा भक्कम असतं. कॉलेजच्या ओपीडीत आपण इतके पेशंट पाहिलेले असतात की इथल्या मुलांना त्याचा हेवा वाटतो. पण "कधी पाठवायचं" हे इथे ठरलेल्या आकड्यांवर चालतं, आणि ते आकडे बदलतात. डोळ्यातल्या दाबाचंच घ्या. एके काळी २१ (मिलिमीटर पारा) च्या वर गेला की रेफरल, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये उपचारांच्या सूचना काढणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेच्या ग्लॉकोमा सूचना आल्या आणि फक्त दाबासाठी पाठवायचं असेल तर गोल्डमन पद्धतीने (डोळ्याला हलकेच टेकवून) मोजलेला दाब २४ किंवा त्याहून अधिक हवा, असं ठरलं. नुसत्या हवेच्या फुंकरीच्या मशीनवर आलेला आकडा घेऊन पेशंटला हॉस्पिटलच्या रांगेत उभं करायचं नाही. मग जानेवारी २०२२ मध्ये त्याच सूचनांत आणखी बदल झाला: नव्याने निदान झालेल्या बऱ्याच रुग्णांना आता थेंबांच्या आधी एसएलटी नावाचं दाब कमी करणारं लेझर देऊ करायचं असतं. त्यामागे लाइट नावाची ब्रिटिश चाचणी होती, २०१९ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंब लागत नव्हते. याचा आपल्या खुर्चीशी थेट संबंध आहे. रेफरल देताना पेशंट विचारतोच, "म्हणजे मला आता जन्मभर थेंब टाकावे लागणार का?" जुन्या माहितीवर उत्तर दिलंत तर तो उगाच घाबरून घरी जातो.

मॅक्युलाचंही, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाचंही, असंच. ओल्या एएमडीचा (वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या आजाराच्या वेगाने वाढणाऱ्या प्रकाराचा) संशय आला तर एका कामकाजाच्या दिवसात तातडीचं रेफरल जायला हवं, असं नाइसची २०१८ ची सूचना सांगते. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पेशंटला रेषा वाकड्या दिसायला लागल्या आहेत आणि ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) रेटिनाखाली पाणी दिसतंय, अशा वेळी आपल्या भागात नेमका कुठला फोन लावायचा? हे कुठल्याच वेबिनारमध्ये कळत नाही. ते कळतं लोकल ऑप्टिकल कमिटीच्या (एलओसी, म्हणजे आपल्या भागातल्या व्यावसायिकांची समिती) संध्याकाळच्या बैठकीत. म्हणून नव्या माणसाने पहिलं काम हे करावं: आपल्या भागातली एलओसी शोधावी आणि तिच्या कार्यक्रमांना जावं. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचेच कन्सल्टंट बोलायला येतात, सँडविच आणि चहा असतो, पॉइंटही मिळतात. पण ज्यांच्याकडे आपण रेफरल पाठवतो ते चेहरे ओळखीचे होतात, याची किंमत पॉइंटपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पिअर रिव्ह्यूबद्दल नव्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते. आपलं इंग्रजी, आपला उच्चार, आपण परदेशात शिकलेलो, समोर वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं. प्रत्यक्षात ती परीक्षा नसते. मागच्या वेळी आमच्या गटात एका लोकमने (हंगामी काम करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने) केस आणली होती. पन्नाशीतली बाई, वाचायच्या चष्म्यासाठी आलेली, दोन्ही डोळ्यांचा दाब १८-१९, फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी) स्वच्छ. फक्त डाव्या डिस्कच्या (दृष्टीची नस डोळ्याला जोडते त्या जागेच्या) खालच्या कडेला, कानाकडच्या बाजूला, एक बारीक लालसर रेघ. डिस्क हॅमरेज, म्हणजे तिथला बारीक रक्तस्राव. फोटो मोठा करून दाखवला तेव्हा अर्ध्या लोकांना ती दिसायलाच वेळ लागला. मग चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, दाब नॉर्मल आहे, फील्ड नॉर्मल आहे, काही महिन्यांनी परत बोलवू. दुसरी म्हणाली, ओसीटीवर त्याच जागी नर्व्ह फायबरचा थर बघा, उजव्या डोळ्यापेक्षा पातळ आहे. तिसऱ्याने विचारलं, बाईंना मायग्रेन आहे का, बीपीच्या गोळ्या रात्री घेतात का, घरात कुणाला ग्लॉकोमा आहे का? हे तीन प्रश्न मूळ रेकॉर्डमध्ये विचारलेलेच नव्हते. नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा (दाब नॉर्मल असतानाही होणारा) पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेला असतो, पण हिस्टरीत तो कसा शोधायचा हे मी त्या संध्याकाळी त्या गटाकडून जितकं नीट शिकले तितकं पुस्तकातून शिकले नव्हते. केस न्यायची तर अशीच न्या, जिच्यात तुम्हाला खरोखर प्रश्न पडला होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं पुसून.

संवादाच्या क्षेत्राला क्लिनिकल मंडळी दुय्यम समजतात. मला ते पटत नाही. दोन प्रसंग तर नेहमीचे आहेत. पहिला गाडी चालवण्याचा. इथे चालकाला २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून, चष्म्यासह, निदान ६/१२ दिसलं पाहिजे. खेड्यात एकटे राहणारे ऐंशीचे आजोबा, बस दिवसातून दोनदा येते, आणि त्यांना सांगायचं की तुम्ही गाडी चालवू नये. हे वाक्य कसं उच्चारायचं, मग रेकॉर्डमध्ये काय लिहायचं, त्यांनी ऐकलं नाही तर पुढे काय करायचं, याचं शिक्षण घ्यावं लागतं. दुसरा प्रसंग आपल्या घरातला म्हणावा असा. गुजराती, पंजाबी, क्वचित मराठी आजी येतात, बरोबर मुलगा किंवा सून. आजींना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलगाच देतो. आपल्याला भाषा कळते म्हणून आपणही सहज वाहवत जातो. पण थेंब घालायला संमती आजींची लागते, आणि "कमी दिसतंय" हे मुलाने केलेलं भाषांतर असेल, तर आजींना कदाचित "डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटतं" असं म्हणायचं असतं. या दोन वाक्यांत रेटिनल डिटॅचमेंट (पडदा सुटणं) एवढा फरक आहे. नात्यातल्या माणसाऐवजी प्रशिक्षित दुभाषी कधी मागायचा, यावर चांगली सत्रं असतात. जरूर करा.

पैशांचंही सांगते, कारण सुरुवातीच्या वर्षांत पाउंड मोजूनच खर्च होतो. डॉसेट या ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या संस्थेचे कोर्स ब्रिटनमधल्या ऑप्टोमेट्रिस्टना मोफत असतात आणि दर्जेदार असतात. सुरुवात तिथून करा. लंडनच्या एक्सेल सेंटरमधलं हंड्रेड पर्सेंट ऑप्टिकल प्रदर्शन वर्षातून एकदा असतं, तिथे बरीच सत्रं मिळतात. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांसाठी स्वतःचे कार्यक्रम घेतात. त्यात शिकण्यासारखं असतंच, पण कुठल्या लेन्सवर किंवा मशीनवर सत्र आहे आणि पैसे कोण देतंय, हे ओळखून बसावं. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) डोळे तपासणीचं काम करत असाल तर सीपीडीसाठी वर्षाला एक भत्ता मिळतो. तो तुमच्या वतीने प्रॅक्टिसचा कॉन्ट्रॅक्टर मागतो आणि त्याची मुदत ठरलेली असते. लोकम म्हणून चार ठिकाणी काम करणाऱ्यांनी तो कोण मागणार हे आधीच, लेखी, ठरवून घ्यावं. आमच्या ओळखीतल्या एकाचा भत्ता केवळ दोन प्रॅक्टिस एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्याने हुकला.

भारताशी संबंध ठेवणाऱ्यांसाठी एक चांगली सोय आहे. ३६ पैकी निम्म्यापर्यंत पॉइंट स्वतः निवडलेल्या शिक्षणातून घेता येतात, म्हणजे जीओसीने मान्य केलेल्या संस्थेबाहेरचं शिक्षण. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचं केराटोकोनसवरचं (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं होण्याच्या आजारावरचं) व्याख्यान ऐकलंत आणि ते तुमच्या कामाशी जोडता आलं, तर ते नोंदवता येतं. मात्र नोंद करताना पुरावा हवा आणि चिंतनात्मक टिपण हवं: काय शिकलो, त्यामुळे माझ्या तपासणीत काय बदललं. "खूप माहितीपूर्ण सत्र" असं लिहून भागत नाही. "आता चोळून चोळून डोळे लाल करणाऱ्या किशोरवयीन मुलांची टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) करतो, फक्त केराटोमेट्रीवर थांबत नाही," हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतं. टिपण त्याच रात्री लिहा. आठवड्याने सत्राचं नावही आठवत नाही.

अजून महाराष्ट्रातच शिकत असाल त्यांच्यासाठी थोडं: २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या केंद्रीय कायद्यात ऑप्टोमेट्रीही आली आहे. कॉलेजपासूनच प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र, तारीख आणि दोन ओळींचं टिपण एका फोल्डरमध्ये ठेवत जा. भारतात राहा किंवा बाहेर जा, ते उपयोगी पडेल.

आणि शेवटच्या टप्प्याबद्दल. सहकाऱ्याबरोबरचा आढावा हा खऱ्या संभाषणासाठी आहे, त्यामुळे जो तुम्हाला "हे तू तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, पण केलं नाहीस" असं तोंडावर सांगेल असा माणूस निवडा. पॉइंट बहुतेक वेळा कार्यक्रम घेणारी संस्था तुमच्या खात्यात टाकते, पण ते आलेत का हे दर तिमाहीला पाहा. ऑक्टोबरनंतर सगळेच धावत असतात आणि पिअर रिव्ह्यूच्या जागा पटकन भरतात. बाळंतपण, मोठं आजारपण किंवा घरच्यांसाठी भारतात लांब मुक्काम होणार असेल, तर जीओसीला शक्य तितक्या लवकर कळवा. अपवादात्मक परिस्थितीचा विचार होतो, पण त्यासाठी तुम्ही आधी केलेली मेहनत आणि कागदपत्रं दाखवावी लागतात. रजेवर जाण्यापूर्वीच इंटरॅक्टिव्ह पॉइंट आणि पिअर रिव्ह्यू उरकून घेतलेत, तर परत आल्यावर वाचनाचे पॉइंट घरी बसून, बाळ झोपलं असतानाही होतात.