पाच गाईंना वळू घेताय? आधी त्याची आई बघा

मुळशी-मावळात किंवा आमच्या पुरंदरात जमीन घेऊन चार-पाच देशी गाई बांधलेली पुण्याची मंडळी हमखास विचारतात, "काका, स्वस्तात वळू कुठं मिळेल?" जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे सासवडला घरी बसलो तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही.

गाई पाचच असतील आणि माज, म्हणजे गाय फळायला आलेली, ओळखणारं माणूस गोठ्यावर असेल, तर वळू घेऊच नका. 400 किलोच्या वळूला रोज 20 किलो हिरवा चारा, 5-6 किलो कडबा आणि दीड किलो खुराक धरा. आजच्या भावानं वर्षाला पन्नास हजार कुठंच गेले नाहीत. त्यापेक्षा इंजेक्शनानं गाय भरवणं कितीतरी स्वस्त. उरुळी कांचनला बायफ या संस्थेनं गोठवलेल्या वीर्याचं एवढं मोठं काम उभं केलंय ते कशासाठी? शिवाय 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हातारा वळू तुमच्याच दावणीला राहणार.

पण मालक हिंजवडीत, गडी संध्याकाळी घरी, आणि गाय रात्री न हंबरता मुका माज करून मोकळी, असं असेल तर वळू हवाच.

पाऊस बघून जात ठरवा. मुळशी-वेल्ह्याच्या पावसात डांगी टिकतो, कारण त्याची कातडी तेलकट असते. तो अकोले-इगतपुरीकडं शोधा. पुरंदर, बारामतीच्या कोरड्या रानाला खिल्लार. मात्र शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यापासून पळाऊ खिल्लार खोंडाच्या किमतीला हात लावायची सोय राहिलेली नाही. आपल्याला पळवायचा नाहीये. रंगात डावा किंवा पळायला मंद म्हणून बाजूला काढलेला, आईबाप चांगले असलेला खोंड कमी पैशात मिळतो. माझ्या मते तोच घ्यावा. तापट मात्र फुकट दिला तरी नको.

बाजारात वळू दिसतो, आई दिसत नाही. चाकणला किंवा सांगोल्याला जरूर जा, रुमालाखाली बोटं धरून सौदे कसे होतात तेही बघा, पण खरेदी गोठ्यावर जाऊन करा. आईची धार आपल्यासमोर काढायला सांगा. चारही सड सारखे चालतात का, ती शांत उभी राहते का, दोन वेतांत किती अंतर पडलं, हे विचारा. दर वर्ष-सव्वा वर्षाला विणाऱ्या गाईचा खोंड असेल तर निम्मं काम झालं.

मग खोंड. दोन दाती, म्हणजे साधारण अडीच वर्षांचा असावा. पाच-सात गाईंना तो पुरतो. कडक जमिनीवर चालवून बघा: मागचे पाय सरळ पडतात का, खूर वाढलेत का. मालकाला वेसण धरायला लावून अंडकोष हातानं चाचपा. दोन्ही सारखे, पिशवीत सहज सरकणारे आणि पिकत आलेल्या पेरूसारखे घट्ट हवेत. एक लहान असेल किंवा गाठ लागली तर परत फिरा. लिंगाची पिशवी लोंबणारी नको. काटेरी रानात ती फाटते.

डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी हटकून करा. ब्रुसेलाचा वळू कळपात आला तर गाभण गाई गाभडतात, आणि हा रोग माणसालाही होतो. लंपी किंवा मोठा ताप नुकताच येऊन गेला असेल तर दोन महिने थांबा. ताप उतरला तरी वीर्य लगेच सुधारत नाही.

कानातला 12 अंकी बिल्ला, पावती आणि वाहतुकीसाठी डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय टेम्पोत चढवू नका. थोडे पैसे मागं ठेवायची बोली करा. आणल्यावर आधी दोन-तीन गाईंनाच लावा आणि तारखा लिहा. 21 दिवसांच्या आसपास सगळ्याच उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या, तर विकणाऱ्याला फोन करा.

याच्या पहिल्या कालवडी माजावर यायच्या आत, म्हणजे साधारण तीन वर्षांत, वळू बदलावा लागतो. बापाची लेकीशी गाठ पडता कामा नये. शेजारच्या तालुक्यात तुमच्यासारखाच कळप असलेल्या कुणाशी अदलाबदलीचं आत्ताच बोलून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वळूला पैसे पडणार नाहीत.