टी-शर्ट आणि बक्षिसांसाठी पैसे कसे उभे करावेत

आमच्या सॉफ्टवेअर समुदायाचा हिशेब मी सांभाळते. टी-शर्टचा विषय निघाला की माझं पहिलं म्हणणं एकच: सर्व्हरच्या पैशाला हात लावायचा नाही. लोक देणगी देतात ती सॉफ्टवेअर चालू राहावं म्हणून. कॉफीचे मग आणि स्टिकर छापायचे असतील तर तसं स्पष्ट सांगून वेगळं आवाहन करा आणि त्याचा हिशेबही वेगळा ठेवा.

त्याआधी पैसे कुणाच्या नावावर जमा होणार ते ठरवा. कार्यकर्ता कितीही भरवशाचा असला तरी त्याच्या वैयक्तिक खात्यात ते नकोत; उद्या कराचा प्रश्न आला की तो एकटाच अडकतो. स्वतःची नोंदणीकृत संस्था नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली जा. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था १९९७ मध्ये डेबियन या मुक्त संगणक कार्यप्रणालीच्या पाठबळासाठी उभी राहिली आणि आता इतर अनेक प्रकल्पांचेही पैसे सांभाळते. अशा संस्था देणगीतला काही टक्के भाग स्वतःच्या खर्चासाठी ठेवतात. तो अंदाजपत्रकात आधीच धरा.

स्पर्धेच्या बक्षिसासाठी कंपन्यांकडे रोख रकमेपेक्षा वस्तू मागा, त्या लवकर मिळतात. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायाने आपल्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपसाठी वॉलपेपरची स्पर्धा घेतली तेव्हा बक्षीस होतं फ्रेमवर्क कंपनीचा लॅपटॉप. ‘आम्हाला सहकार्य करा’ अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही. स्पर्धा कशाची, परीक्षक कोण, नेमकी कोणती वस्तू हवी, कंपनीचं नाव कुठे दिसेल, हे सगळं लिहा. आणि शेवटी हेही विचारा: वस्तू थेट विजेत्याच्या पत्त्यावर पाठवाल का?

हा प्रश्न मी कधीच गाळत नाही, कारण खरा खर्च टपालाचा असतो. स्टिकर साध्या पाकिटात जातात. कॉफीचा मग जड, शिवाय फुटतो. परदेशी पार्सलवर सीमाशुल्काचा फॉर्म लागतो, लहान पार्सलला सीएन २२. त्यात वस्तू, वजन आणि किंमत भरायची. किंमत खरीच लिहा. ‘भेटवस्तू’ म्हणून शून्य किंमत दाखवलेलं पार्सल अडकण्याची भीती असते, आणि त्रास होतो तो जिंकणाऱ्याला. शुल्क लागलं तर ते कोण भरणार, हे स्पर्धेच्या नियमांतच सांगा.

बक्षीस संख्येवर कधीही ठेवू नका. हॅक्टोबरफेस्ट हा मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याचा ऑक्टोबर महिन्यातला उपक्रम. २०२० मध्ये त्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे प्रकल्पाला सुचवलेले बदल, पाठवले की टी-शर्ट होता. लोकांनी निरर्थक बदलांचा एवढा मारा केला की महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला आणि संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरतीच स्पर्धा उरली. हा कचरा उपसला तो प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी, त्यांतले कितीतरी बिनपगारी. परीक्षकांनी काम वाचून निवड करावी. प्रवेश शुल्क घेऊन चिठ्ठ्या टाकणं तर नकोच. बऱ्याच देशांत कायद्याने ती लॉटरी ठरते.

टी-शर्ट विकायचे असतील तर आधी मागणी नोंदवून घ्या, किंवा ऑर्डरनुसार छापून देणाऱ्यांकडे सोपवा. नगामागे कमी सुटतं, पण कुणाला न होणाऱ्या मापांचे गठ्ठे घरात पडून राहत नाहीत. बोधचिन्ह वापरायची परवानगी लेखी घ्या.

आणि पैसे उरले तर ते पुढच्या स्पर्धेला ठेवायचे की सर्व्हरकडे वळवायचे, हे आवाहनातच लिहा. देणाऱ्याला ते देण्यापूर्वी कळलं पाहिजे.