‘बिरीव्ह्ड’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी शोकपत्रं तपासताना एक चूक इतक्यांदा भेटते की आता राहवत नाही. ‘बिरीव्ह्ड’ हा शब्द लोक गेलेल्या माणसाला लावतात. बिरीव्ह्ड म्हणजे जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेला.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीने आपल्या कर्मचाऱ्याच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला पत्र पाठवलं. त्यात होतं, ‘बिरीव्ह्डच्या आत्म्याला शांती लाभो.’ म्हणजे शांती मागितली ती त्या बाईंच्याच आत्म्याला. मसुदा माझ्याकडून गेला होता. घाईत मी फक्त नाव आणि तारीख पाहिली. त्यांच्या मुलीने फोनवर हळूच विचारलं, “आई तर आहे ना अजून?” मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून हा शब्द मी मुळापासून धरतो. जुन्या इंग्रजीतल्या ‘बेरेआफियन’चा अर्थ लुटणे, हिसकावून घेणे. ‘रॉब’ त्याच कुळातला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. अंगावर घालायचा ‘रोब’ही तिथलाच, कारण लुटीच्या मालात कपडे असत. आपल्या ‘लोप’ आणि ‘लुप्त’मधला ‘लुप्’ धातू या सगळ्यांचा दूरचा भाऊबंद. आता सांगा, लुटला कोण जातो? ज्याच्याजवळ काही होतं तो. ‘काळाने हिरावून नेलं’ म्हणताना नेलेला माणूस एक आणि रिकाम्या हाताने उरलेली माणसं दुसरी, हे मराठीत आपण कधी चुकत नाही.

माझी सवय अशी: बिरीव्ह्डच्या जागी ‘लुटलेला’ घालून वाक्य मोठ्याने वाचायचं. ‘लुटलेलं कुटुंब’ बसतं, ‘लुटलेल्याचा अंत्यविधी’ बसत नाही. गेलेल्यासाठी ‘डिसीज्ड’ आहे. त्याहून बरं, सरळ नाव लिहा.

‘बिरेफ्ट’ हे त्याच क्रियापदाचं रूप, पण आज ते जास्त करून आशा, आधार, शब्द हरपल्यावर येतं. घरात कोणी गेलं असेल तर बिरीव्ह्डच.

‘लूझ’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’ जास्त पडला की ‘गमावणे’चं ‘सैल’ होतं. दरवेळी तपासा.

यमक जुळतं म्हणून ‘ग्रीव्ह’ला, म्हणजे शोक करणे या शब्दाला, बिरीव्ह्डचा भाऊ समजू नका. तो लॅटिन ‘ग्राविस’वरून, म्हणजे जड, आपल्या ‘गुरू’चा, लघु-गुरूमधल्या गुरूचा, नातलग. ‘जड अंतःकरणाने’ म्हणतो ना आपण, ते ग्रीव्हच्या जवळचं.

आणि नेटवरचा तयार मसुदा उचलून नुसतं नाव बदलणं थांबवा. अशा पत्राला दहा मिनिटं देता येत नसतील तर पत्र पाठवू नका, भेटायला जा.